बंद करून चालू करण्यापूर्वी

विद्यार्थिमित्रांनो, शाळेच्या संगणक-कक्षात किंवा घरी संगणकापुढे बसला असताना पुढीलपैकी एखादा प्रकार तुम्ही नक्कीच पाहिला असेल. खिडकीतले एखादे बटण दाबावे, तर ते आत जाते आणि तिथेच रुतून बसते. कधी बटणावरची अक्षरे खालून कापल्यासारखी दिसतात. कधी अक्षरांच्या जागी नुसते रिकामे चौकोन उमटतात. कधी बटण धुरकट होते, तर कधी ते जागेवर असूनही दिसत नाही. माउसचा बाण त्या जागेवरून फिरवला की मग एकाएकी प्रकट होते!

असे झाले की आपण काय करतो? शेजारचा मित्र सांगतो, "बंद करून चालू कर." शिक्षकही तेच सांगतात, आणि दुरुस्तीला येणारा कारागीरही पुष्कळदा तेच करतो. संगणक बंद होतो, पुन्हा चालू होतो, बटण पूर्वीसारखे दिसू लागते आणि सगळे समाधानाने कामाला लागतात.

माझी तक्रार आहे ती या समाधानाविषयी. प्रयोगशाळेत अँमीटरचा काटा भलतीकडे गेला, तर आपण मंडल मोडून टाकून "आता ठीक आहे" असे म्हणतो का? जोडणी तपासतो, तारा पाहतो, विद्युत्घट बदलून बघतो. मग संगणकापुढे बसताच आपली विज्ञानदृष्टी कुठे जाते? विचित्र दिसणारे बटण हा एक पुरावा असतो. संगणक बंद करणे म्हणजे तो पुरावा आपल्याच हाताने पुसून टाकणे. पुसायला हरकत नाही. पण पाच मिनिटे थांबून तो वाचावा आणि मग पुसावा, एवढेच माझे म्हणणे आहे. तो वाचायचा कसा, हे आता पाहू.

बटण नव्हे, बटणाचे चित्र

भिंतीवरच्या विजेच्या बटणात स्प्रिंग असते, पितळी पट्टी असते. ते अडकले तर काही तरी खरोखरच अडकलेले असते. पडद्यावरच्या बटणात यातले काहीच नाही. ते ठिपक्यांनी काढलेले एक चित्र आहे, आणि "या चौकोनात टिचकी पडली तर अमुक काम कर" अशी एक नोंद संगणकाच्या स्मृतीत आहे. चित्र आणि नोंद या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवा. पुढचा सगळा तपास या एका वाक्यावर उभा आहे.

ठिपक्याठिपक्याने रंगवता येणारा पडदा, माउस आणि खिडक्या यांचा मेळ अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७३ साली तयार झालेल्या 'आल्टो' या संगणकात दिसला. १९८४ साली ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश आला, १९८५ साली विंडोजची पहिली आवृत्ती आली. १९९० च्या विंडोज ३.० मध्ये बटणांना उठाव आला. हा उठाव कसा साधला असेल? वरची आणि डावी कड पांढरी, खालची आणि उजवी कड गडद! उजेड वरून डावीकडून येतो असे मानले, की आपला मेंदू त्या सपाट चौकोनाला उंचवटा समजतो. बटण दाबले की कडांचे रंग उलटायचे. झाले ते खोलगट. म्हणजे बटण "रुतले" असे आपण म्हणतो, तेव्हा खरे तर कडांचे रंग पूर्ववत करायचे राहिलेले असतात.

एक छोटा प्रयोग आत्ताच करा. एखाद्या निरुपद्रवी बटणावर माउसची कळ दाबा, पण सोडू नका. कळ तशीच दाबून धरून बाण बटणाच्या बाहेर न्या आणि तिथे सोडा. काय झाले? बहुतेक ठिकाणी काहीच होणार नाही. साधारणपणे बटणाचे काम सुरू होते ते कळ दाबताना नव्हे, तर बटणावरच ती सोडताना. चुकून हात पडला तर माघार घेता यावी, यासाठी केलेली ही सोय आहे. वर्षानुवर्षे बटणे दाबणाऱ्या किती जणांनी ही गोष्ट पाहिली असेल?

चित्र पुन्हा काढतो कोण?

शाळेचा फळा आठवा. गणिताच्या तासाला लिहिलेले इतिहासाच्या तासाला पुसले जाते. पुन्हा गणित हवे असेल तर ते गणिताच्या शिक्षकांनीच येऊन लिहायचे. शिपाई ते लिहू शकत नाही. खिडक्यांचा कारभार असाच चालतो. खिडकीचा काही भाग बिघडला किंवा नव्याने उघडा पडला, तर विंडोज त्या प्रोग्रॅमला निरोप पाठवते: "तुझा हा भाग पुन्हा रंगव." प्रोग्रॅमकडे असे निरोप रांगेने येतात. कळ दाबली हा एक निरोप, माउस हलला हा दुसरा, पुन्हा रंगव हा तिसरा. यात रंगवण्याच्या निरोपाचा क्रम मुद्दाम मागे ठेवलेला असतो. रांगेतली बाकीची कामे आटोपली की मग त्याची पाळी येते.

आता समजा, बटण दाबताच प्रोग्रॅम एखादी मोठी फाइल वाचण्यात गुंतला. तो रांगेकडे पाहतच नाही. साहजिकच बटणाच्या कडा उलटवण्याचे कामही खोळंबते, आणि बटण रुतलेले दिसते. सुमारे पाच सेकंद प्रोग्रॅमने निरोप घेतले नाहीत, तर तो प्रतिसाद देत नसल्याचे विंडोज ठरवते आणि खिडकी फिकट करून मथळ्यात तसे लिहिते. तेव्हा रुतलेले बटण पाहून चिडून त्यावर दहा टिचक्या मारणे म्हणजे आधीच लांबलेल्या रांगेत आणखी दहा जणांना उभे करणे होय. मोकळा झाल्यावर प्रोग्रॅम त्या दहाही टिचक्यांचे काम इमानेइतबारे करू शकतो!

माउस नेल्यावर प्रकट होणाऱ्या बटणाचे कोडेही यातच सुटते. बाण बटणावर आला की त्याचा रंग किंचित उजळ करायचा असतो, म्हणून तेवढा भाग नव्याने रंगवला जातो. बटणाची नोंद शाबूत होती. चित्र तेवढे काढायचे राहिले होते.

पूर्वी दुसरी खिडकी वरून सरकली की खालची खिडकी पुसली जाई, आणि अडकलेल्या प्रोग्रॅमवर वरच्या खिडकीच्या शेपटासारख्या खुणा उमटत. २००७ साली सर्वांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक खिडकीचे चित्र स्मृतीत वेगळे राखून ते शेवटी एकत्र मांडण्याची पद्धत आली. २०१२ च्या विंडोज ८ पासून ती कायमचीच झाली. त्यामुळे या खुणा आता क्वचितच दिसतात. लक्षणे बदलली, म्हणून जुने उपाय आंधळेपणाने वापरून चालत नाही, हेही यातून शिकण्यासारखे आहे.

पायथन भाषा शिकणाऱ्यांनी टीकेइंटर वापरून पुढचा प्रयोग करावा. खिडकीत एक बटण आणि एक अक्षरपट्टी ठेवा. बटण दाबल्यावर पट्टीवर "काम सुरू" असे लिहा, मग प्रोग्रॅमला १० सेकंद झोपवा, आणि शेवटी "काम झाले" असे लिहा. चालवण्यापूर्वी काय दिसेल त्याचा अंदाज वहीत लिहा. पुष्कळ जण लिहितील की "काम सुरू" हे शब्द दहा सेकंद दिसतील. प्रत्यक्षात ते दिसतच नाहीत! शब्द स्मृतीत बदलले, पण ते रंगवायला वेळ मिळण्यापूर्वी प्रोग्रॅम झोपी गेला. आता झोपवण्याऐवजी "१० सेकंदांनी मला आठवण कर" असे सांगा आणि फरक पाहा.

मापाचा घोटाळा

दुसरे कारण मापाचे. विंडोजमध्ये १०० टक्के माप म्हणजे एका इंचात ९६ ठिपके, असे धरलेले आहे. पण आजचे पडदे याहून दाट असतात. १४ इंच कर्णाच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतील, तर पायथागोरसच्या सिद्धांताने कर्णावर सुमारे २२०३ ठिपके येतात. म्हणजे इंचाला सुमारे १५७. जे ९६ ठिपक्यांचे बटण २.५ सेंटिमीटर रुंद व्हायला हवे, ते इथे जेमतेम १.५ सेंटिमीटर होते. म्हणून आपण माप १२५ किंवा १५० टक्के करतो.

"मला मोठ्या मापाचे चित्र काढता येते" असे जो प्रोग्रॅम सांगत नाही, त्याचे चित्र विंडोज जुन्याच मापात काढून घेते आणि ताणते. आता विचार करा: बटणाची कड एक ठिपका जाड असेल, तर दीडपट केल्यावर ती दीड ठिपका व्हायला हवी. अर्धा ठिपका कुठून आणणार? मग शेजारचा ठिपका अर्धवट रंगाचा करून वेळ मारून न्यावी लागते. बटण धुरकट दिसते ते यामुळे. तिथे डोळे तपासायला नकोत आणि पडदाही पुसायला नको!

याउलट काही प्रोग्रॅम अक्षरे मोठी करतात, पण बटणाचा चौकोन मोठा करायला विसरतात. मग शब्द कापला जातो, किंवा खिडकीच्या तळाशी असलेले बटण कडेबाहेर नाहीसे होते. प्रोजेक्टर जोडल्यावर असे प्रकार वाढतात, कारण दोन पडद्यांची मापे निराळी असू शकतात आणि खिडकी एकावरून दुसऱ्यावर नेली की सगळे हिशेब नव्याने करावे लागतात. वर्गात धडा दाखवताना नेमके तेव्हाच बटण का बिघडते, याचे उत्तर अनेकदा इथे सापडेल.

'पुसा' चा 'पसा' का होतो?

मराठीत चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आणखी एक गंमत असते. इंग्रजी अक्षरे लक्षात घेऊन आखलेल्या बटणाची उंची आपल्या लिपीला पुरतेच असे नाही. आपल्या शिरोरेघेवर मात्रा आणि रफार चढतात, खाली उकार लोंबतात. बटण बुटके असले की उकार कापला जातो आणि 'पुढे' चे 'पढे' होते, 'पुसा' चा 'पसा' होतो. इंग्रजी 'ओके' ला लागणाऱ्या दोन रोमन अक्षरांच्या जागेत 'ठीक आहे' कसे बसावे?

पण अक्षरांचे बिघाड सगळे एकाच जातीचे नसतात. वैद्य नाडी पाहून रोग ओळखतो, तसे आपल्याला चिन्हे पाहून कारण ओळखता येते. १९९१ च्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला तिच्या स्वतःच्या १२८ जागा मिळाल्या आहेत. या जागांचे क्रमांक ठीक असूनही त्या अक्षराचा आकार टंकात, म्हणजे फाँटमध्ये नसेल, तर रिकामा चौकोन दिसतो. ऱ्हस्व इकार संगणकाच्या स्मृतीत व्यंजनाच्या नंतर असतो, पण काढायचा असतो त्याच्या आधी. ही जुळणी झाली नाही, तर इकार भलत्या जागी किंवा ठिपक्यांच्या वर्तुळासह दिसतो. युनिकोडपूर्वीच्या काही टंकांत रोमन अक्षरांच्या जागीच देवनागरी आकार बसवलेले होते. असा टंक नसेल, तर बटणावर रोमन अक्षरांची निरर्थक भेळ उमटते.

आणखी एक प्रकार पाहा. युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'जतन' या तीन अक्षरांचे नऊ बाइट झाले. ते कोणी जुन्या पाश्चात्त्य पद्धतीने एकेक करून वाचले, तर बटणावर नऊपर्यंत चित्रविचित्र खुणा दिसतात. खुणा मोजल्या, की त्यांच्या संख्येवरूनच दुखणे कळू लागते! आणि नुसती प्रश्नचिन्हे दिसली, तर समजावे की मराठी शब्द वाटेतच, जिथे त्याला जागा नव्हती अशा जुन्या संकेतावलीत, हरवून गेला आहे. रिकाम्या चौकोनामागे माहिती शाबूत असते, टंक बसवला की अक्षरे दिसतात. प्रश्नचिन्हांमागे मात्र मूळ शब्द उरलेलाच नसतो. शंभर वेळा संगणक बंद-चालू केला तरी तो परत येणार नाही.

दोन जुनी कोडी

विंडोजच्या बटणावर "भाजी&फळे" असे लिहायला सांगितले, तर प्रत्यक्षात "भाजीफळे" दिसते आणि 'फ' च्या खाली रेघ येऊ शकते. & हे चिन्ह गेले कुठे? विंडोजमध्ये या चिन्हाचा अर्थ "पुढच्या अक्षराखाली रेघ मार" असा आहे. ऑल्ट कळीबरोबर ते अक्षर दाबले की बटण चालावे, यासाठी ही सोय. खरे & दाखवायचे तर ते दोनदा लिहावे लागते. विंडोज २००० पासून या रेघा ऑल्ट कळ दाबेपर्यंत सहसा लपवलेल्या असतात. त्यामुळे "ऑल्ट दाबला की बटणाखाली रेघ उमटते, काही तरी बिघडले आहे" अशी तक्रार करणाऱ्याने बिघाड पाहिलेला नसून सोय पाहिलेली असते. करड्या अक्षरांच्या, दाबल्या न जाणाऱ्या बटणाचेही तसेच. "अजून काही माहिती भरायची राहिली आहे," एवढेच ते सांगत असते.

दुसरे कोडे २००१ सालचे. विंडोज एक्सपीने बटणांना गोलसर कोपरे दिले. १९९८ च्या व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमला हे नवे रूप दिले, की चौकटीत ठेवलेल्या बटणांभोवती काळी कड दिसे. कोपरा गोल झाला म्हणजे त्याच्या बाहेरच्या चिमुकल्या जागेत मागचा रंग भरायला हवा. तो कोणता, हे बटण आपल्या चौकटीला विचारी. जुन्या चौकटीला हा प्रश्नच ठाऊक नव्हता. उत्तर मिळेना, म्हणून काळा रंग! चौकटीत आधी एक चित्रपेटी ठेवून तिच्यात बटणे ठेवली की काम भागे. बटण नवे, चौकट जुनी, आणि दोष कोणा एकाचा नव्हे तर दोघांच्या संभाषणाचा. असे कारण बंद-चालू करून कधी तरी सापडले असते काय?

तपासाची रीत

तर मग आपण काय करावे? आधी चालू काम जतन करता येत असेल तर ते करावे. नंतर पडद्याचे चित्र टिपावे. हे टिपलेले चित्र दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिले, की निम्मा शोध लागतो. दोष चित्रातही दिसत असेल, तर तो प्रोग्रॅम किंवा कार्यप्रणालीकडचा. चित्र स्वच्छ असेल, तर पडदा, त्याची तार किंवा चित्र पडद्यापर्यंत पोचवणारी यंत्रणा यांच्याकडे वळावे.

मग खिडकीची कड ओढून ती लहानमोठी करावी. त्यामुळे प्रोग्रॅमला सगळे पुन्हा रंगवणे भाग पडते. बटण सुधारले, तर नोंद ठीक होती आणि चित्र शिळे होते. बटण काम करते का, हेही स्वतंत्रपणे पाहावे: टॅब कळीने त्याच्यापर्यंत जाऊन स्पेस कळ दाबावी. मात्र बटण 'पुसा' किंवा 'पाठवा' अशा जातीचे असेल, तर हा प्रयोग फाइलच्या प्रतीवरच करावा.

यानंतर दोषाची हद्द ठरवावी. एकच बटण बिघडले आहे, की त्या प्रोग्रॅमची सगळी, की सगळ्या प्रोग्रॅमची? मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी: पडद्याचे माप, रंगसंगती, टंक. फरक पडला नाही, तर ती पूर्ववत करून पुढची बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि बटण सुधारले, तर श्रेय कोणाला द्यायचे ते कळणार नाही. शेवटी तोच दोष मुद्दाम पुन्हा घडवून पाहावा. जो दोष हवा तेव्हा घडवता येतो, तो अर्धा समजला असे मानायला हरकत नाही. आणि मग खुशाल संगणक बंद करून चालू करावा! दोष परत आला की नाही, हीसुद्धा एक नोंदच आहे.

अनोळखी ठिकाणचे "दुरुस्ती प्रोग्रॅम" उतरवून घेणे आणि संगणकाची पेटी उघडणे या दोन गोष्टी मात्र टाळाव्यात.

सवयीची किंमत

कोणी म्हणेल, एका बटणासाठी एवढा खटाटोप कशाला? यासाठी एक खरी घटना सांगतो. ती खिडक्यांतल्या बटणांची नाही. साध्या अक्षरांच्या पडद्याची आहे. कॅनडात बनवलेले थेराक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र संगणकावर चाले. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना या यंत्राने प्रमाणाबाहेर किरणांचा मारा दिला. त्यांतले काही दगावले. हे यंत्र वरचेवर किरकोळ कारणांनी थांबे, पडद्यावर एखादा क्रमांक दाखवी आणि 'पुढे चालू' ची कळ दाबली की पुन्हा सुरू होई. चालवणाऱ्यांना त्याची सवय होऊन गेली होती. मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधील टायलर येथे पडद्यावर "बिघाड ५४" अशा अर्थाची ओळ उमटली, नेहमीप्रमाणे कळ दाबली गेली, आणि रुग्णाला दुसऱ्यांदा मारा बसला.

पुढच्याच महिन्यात तिथे पुन्हा तसे झाले, तेव्हा त्या रुग्णालयाच्या भौतिकशास्त्रज्ञाने काय केले? यंत्र चालवणारीला सोबत घेऊन तो रिकाम्या यंत्रापुढे बसला आणि तिने त्या दिवशी जे जे टंकले होते, ते पुन्हापुन्हा टंकून पाहिले. अखेर दोष सापडला. चुकलेले अक्षर फार वेगाने, सुमारे आठ सेकंदांच्या आत दुरुस्त केले, तर पडद्यावर दुरुस्ती दिसे, पण यंत्राच्या मांडणीपर्यंत ती पोचत नसे. पडद्यावर एक आणि आत दुसरेच! नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली या सर्व प्रकरणाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला; संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांना तो आजही उपयोगी पडेल.

आपल्या संगणक-कक्षात कोणाच्या जिवाला धोका नाही, हे खरे. पण "दिसते ते विचित्र आहे, असू दे, कळ दाबा आणि पुढे चला" ही सवय लागते ती अशाच बिनधोक जागी. आजचे विद्यार्थी उद्या रुग्णालयात, वीजकेंद्रात, रेल्वेत पडद्यांपुढे बसणार आहेत.

शिक्षकांना विनंती

शिक्षकांची अडचण मला कळते. तास अवघ्या ३५-४० मिनिटांचा, संगणक थोडे, विद्यार्थी पुष्कळ. एक संगणक रुसला म्हणून सगळा वर्ग थांबवता येत नाही. तासाच्या वेळी बंद-चालू करणे अनेकदा शहाणपणाचेच ठरेल. पण प्रत्येक संगणक-कक्षात एक 'बिघाडवही' ठेवणे अवघड नाही. तारीख, प्रोग्रॅम आणि त्याची आवृत्ती, त्याआधी काय केले, काय दिसायला हवे होते, काय दिसले, कशाने बदलले: एवढी सहा घरे पुरेत. महिन्यातून एक तास या वहीतल्या एका नोंदीला द्यावा.

"सर, बटण चालत नाही" ही तक्रार झाली. "माप १५० टक्के असताना 'पुढे' मधला उकार दिसत नाही, १०० टक्के केल्यावर दिसतो, तीनदा करून पाहिले" हे निरीक्षण झाले. पहिली ओळ वाचून जगातला निष्णात प्रोग्रॅमरही काही करू शकणार नाही. दुसरी वाचून तो थेट दोषाच्या जागेवर जाईल. विद्यार्थ्याला स्वतः दुरुस्ती जमली नाही तरी चालेल; सगळे दोष त्याच्या आवाक्यातले नसतातच. पण दुसऱ्याला उपयोगी पडेल असे निरीक्षण त्याला लिहिता आले पाहिजे, आणि त्याला गुणही मिळाले पाहिजेत. मेनूतील आज्ञांची नावे पाठ म्हणून दाखवण्यापेक्षा हे काम मोलाचे आहे. ती नावे दर आवृत्तीला बदलतात. निरीक्षणाची रीत बदलत नाही.

आणखी एक गोष्ट. संगणकाला काही झाले, की त्याच्यापुढे बसलेल्या मुलाला पहिला प्रश्न येतो, "तू काय केलेस?" आवाजात जरब असते. मग मूल गप्प बसते, बिघाड लपवते, आणि पुरावा कायमचा जातो. हाच प्रश्न कुतूहलाने विचारता येतो. टायलरच्या भौतिकशास्त्रज्ञाने यंत्र चालवणारीला तो तसाच विचारला असेल, म्हणून तर ती त्याच्याशेजारी बसून दोष शोधू शकली.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी एखादे बटण रुसले, तर हात लगेच चालू-बंदच्या कळीकडे नेऊ नका. चित्र टिपा, खिडकी लहानमोठी करून पाहा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दिसेल ते तारखेसह लिहून ठेवा. तुमच्या शाळेत बिघाडवही नसेल, तर तिचे पहिले पान तुम्हीच आखा.